वेल्डरला प्लेट देता, आमच्याशी नुसत्या गप्पा का मारता?

नमस्कार,

हे पत्र दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत आणि इकडे वागळे इस्टेटमध्ये जे जे कोणी माणसं कामाला घेतात त्या सगळ्यांना आहे. म्हणजे एचआर मॅडम, प्लँट हेड, कन्सल्टन्सीवाले, छोट्या युनिटचे शेठ. "सर मीटिंगमध्ये आहेत, बसा हं" म्हणणारी रिसेप्शनवरची पोरगी यातून वगळली, तिची काही चूक नसते.

मी कळव्याला राहते. वय ४३. रबाळे एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये नऊ वर्षं ऑफिस सांभाळलं, ऑफिस म्हणजे काय तर बिलं, ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना जीएसटीसाठी काढायचा ऑनलाइन कागद), पीएफ-ईएसआय, पगारपत्रक, चहावाल्याची उधारी, आणि नवीन माणूस घ्यायचा असला की तेही माझ्याच टेबलावर. मग सासूबाईंना पॅरालिसिस झाला, घरात बघायला दुसरं कोणी नव्हतं, सोडली नोकरी. तीन वर्षं घरी. मागच्या वर्षी त्या गेल्या. आता सात महिने झाले मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतेय, अकरा इंटरव्ह्यू झाले, त्यामुळे दोन्हीकडचं माहितीये आणि मी जे बोलणार आहे त्यातलं अर्धं माझ्याच अंगावर येणार आहे हेही माहितीये.

आधी वेल्डरचं सांगते.

आमच्याकडे वेल्डर घ्यायचा तर पद्धत ठरलेली होती. पोरगा गेटवर यायचा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आयटीआयचं सर्टिफिकेट आणि आधार. आमचे फोरमनकाका त्या पिशवीकडे बघायचे पण नाहीत. व्ही कापलेल्या दोन प्लेटा उभ्या लावून द्यायचे, थ्रीजी म्हणतात त्याला, आणि म्हणायचे, हं, मार. पाइपचं काम असलं तर पाइप ४५ अंशात तिरका बांधून ठेवायचा, फिरवायचा नाही, पोरानेच त्याच्याभोवती फिरायचं, ती सिक्सजी, आणि भल्याभल्यांची तिथे लाज निघते. पोरगा रूट मारणार, म्हणजे तळाचा पहिला थर, मग मधलं फिलिंग, मग वरचं कॅपिंग. काका लांबून कटिंग पीत बघत असायचे. पण नुसत्या बघण्यावर काही ठरत नव्हतं, प्लेट गार झाली की तिच्यातून पट्ट्या कापायच्या आणि प्रेसवर पार यू होईपर्यंत वाकवायच्या. जोडाला ३ मिलीमीटरपेक्षा मोठी चीर पडली की फेल. पोरगा कुठल्या गावचा, कोणाच्या ओळखीने आला, मराठी बोलतो की भोजपुरी, त्या चिरेला काही देणंघेणं नसतं.

आणि फेल झालेल्याला काका ती वाकलेली पट्टी हातात द्यायचे. "बघ, इथे रूट लागलाच नाही, गॅप कमी ठेवलास." पोरगा तोंड पाडून जायचा, पण का नाही घेतलं ते त्याला कळलेलं असायचं. दोघंतिघं तर महिन्या-दोन महिन्यांनी परत येऊन पास पण झाले.

पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस, असं एकाही वेल्डरला कोणी कधी विचारलं नाही.

आता त्याच कारखान्यात जिना चढून वर या. डिस्पॅच क्लार्क घ्यायचा होता. दोन जण आले होते. एकजण इस्त्रीच्या शर्टात, बोलायला एकदम छान, आणि शेठच्या सांगलीकडच्या मूळ गावापासून सात किलोमीटरवरचा निघाला, मग काय, पंधरा मिनिटं नुसती यात्रेची चर्चा. दुसरा दिव्याहून आलेला, वीस मिनिटं उशिरा, घामाने ओला, विचारलेल्याला "हो मॅडम, नाही मॅडम" एवढंच. मी पहिल्याला घेतलं. शेठ नाही, मीच. शेठनी तुला योग्य वाटेल ते कर म्हणून माझ्यावर सोडलं होतं. चार महिन्यांत त्याने ई-वे बिलावर तीन वेळा गाडीचा नंबर चुकवला, तिसऱ्या वेळी गाडी रस्त्यात अडकली आणि दंड भरून सोडवावी लागली. तो दिव्याचा पोरगा आमच्याच गल्लीत, चार गाळे सोडून, दुसऱ्या युनिटमध्ये लागला. आज तिथला स्टोअर्स इन्चार्ज आहे. ट्रान्स्पोर्टरचं काही अडलं की मीच त्याला फोन करायचे, आणि प्रत्येक वेळी तो "हो मॅडम" म्हणून काम करून द्यायचा.

मी दोघांनाही एक पीओ म्हणजे गिऱ्हाइकाची ऑर्डर, एक डिलिव्हरी चलन आणि कॉम्प्युटर देऊन "याचं ई-वे बिल कसं भरशील दाखव" एवढं म्हटलं असतं ना, तर दहा मिनिटांत कळलं असतं. खाली रोज तेच चाललं होतं आणि वर मला कधी सुचलं नाही. का नाही सुचलं, तर मला वाटायचं मला माणसं ओळखता येतात. तुम्हालाही तसंच वाटतं. सगळ्यांनाच वाटतं.

माझी भाची औद्योगिक मानसशास्त्रात एमए करतेय, तिला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली मावशी, यावर शंभर वर्षं अभ्यास चाललाय. श्मिट आणि हंटर म्हणून दोन अमेरिकन प्राध्यापक, त्यांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं की माणूस निवडायच्या कुठल्या पद्धतीवरून पुढचं काम किती ओळखता येतं. शून्य म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १ म्हणजे अचूक भविष्य. तर प्रत्यक्ष काम करायला लावून बघणं आलं ०.५४, सगळ्यात वर. आपल्या नेहमीच्या मोकळ्या गप्पांचा इंटरव्ह्यू ०.३८. मग २०२२ मध्ये सॅकेट म्हणून आणखी एक प्राध्यापक आणि त्यांच्या मंडळींनी तेच हिशोब पुन्हा तपासले आणि म्हणाले आधीचे आकडे जरा फुगलेले होते. नव्या हिशोबात काम करून बघणं ०.३३ वर आलं आणि पहिला नंबर लागला ठरवून घेतलेल्या इंटरव्ह्यूचा, ०.४२. ठरवून म्हणजे कसं, सगळ्यांना तेच प्रश्न, कामाशी संबंधित प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे मार्क. मोकळ्या गप्पा? ०.१९.

म्हणजे माझी लाडकी प्लेट पहिली नाही आली, मान्य. पण आपण जे करतो ते दोन्ही हिशोबांत खाली आहे. आणि हे ऐका, जाहिरातीत तुम्ही जे ठोकून देता, "किमान ५ वर्षं अनुभव", ती नुसती वर्षांची संख्या त्या २०२२ च्या यादीत ०.०७ वर आहे. ०.०७! तेवढ्या एका ओळीवर तुम्ही निम्मे अर्ज बाजूला काढता.

आता माझे इंटरव्ह्यू. कंपन्यांची नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

ऐरोलीला एका काचेच्या बिल्डिंगमधल्या कंपनीचा ऑनलाइन फॉर्म रात्री ११:४० ला भरला, मुलगी झोपल्यावर. ११:४४ ला नकाराची मेल. चार मिनिटांत माझी नऊ वर्षं कोणी वाचली? कोणीच नाही, मधे तीन वर्षांचा खड्डा दिसला आणि सॉफ्टवेअरने उचलून फेकलं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे त्यांनी कळवलं तरी.

घणसोलीला चार राउंड. आता कळव्याहून घणसोली म्हणजे आधी एक स्टेशन मागे ठाण्याला जायचं, पूल चढून नऊ-दहा नंबरवर, मग वाशी नाहीतर पनवेल गाडी, पुढे शेअर रिक्षा. तो कळवा-ऐरोली जोडमार्ग होईल तेव्हा होईल. असं चार वेळा केलं आणि चारही वेळा वेगळा माणूस आणि चौघांचाही पहिला प्रश्न "स्वतःबद्दल सांगा". तिसरे साहेब तर माझा बायोडाटा माझ्यासमोर पहिल्यांदाच वाचत होते, मी त्यांच्या भुवया बघून ओळखत होते कुठल्या ओळीवर पोचलेत ते. चौघांनी मिळून मला टॅलीमधली एक एंट्रीसुद्धा विचारली नाही. अकाउंट्सच्या जागेसाठी! शेवटी "कळवतो". त्याला आता दहा आठवडे झाले. आमच्या फोरमनकाकांना चौथीच्या पुढे शाळा नाही, ते फेल झालेल्या पोराच्या हातात पट्टी द्यायचे, आणि तुमच्याकडे एमबीए झालेल्या माणसाला दोन ओळींचा व्हॉट्सअ‍ॅप टाकता येत नाही.

वागळे इस्टेटमधल्या शेठनी विचारलं मिस्टर काय करतात, पगार किती त्यांचा, मुलगी कितवीत. दहावीत म्हटल्यावर, "मग सुट्ट्या फार होतील तुमच्या". माझ्या नवऱ्याला त्याच महिन्यात इंटरव्ह्यू होता, दहावीतली मुलगी त्याचीही आहे, त्याला कोणी विचारलं नाही. भरती करताना बाई म्हणून भेदभाव करायचा नाही हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातच लिहिलेलं होतं, आता ते नवीन वेतन संहितेत गेलंय, काढून टाकलेलं नाहीये. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका मालकांनी चहा पिता पिता सांगितलं होतं, आता नवीन लग्न झालेली पोरगी घ्यायलाच नको. मी तेव्हा हसून मान हलवली होती. आज ती मान आठवते मला.

आणि आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही टेस्ट घेतो की. हो घेता. तुर्भ्याच्या एका कंपनीने मला "असाइनमेंट" दिली. घरी करायची, तीन दिवस. पर्चेस रजिस्टर आणि जीएसटीची टू-बी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, मॅच करून फरक काढायचे. एक्सेल उघडली तर खरेखुरे सप्लायर, खरी बिलं, त्यांचा आख्खा मार्च महिना! मी बसले, दोन रात्री, सगळं जुळवून दिलं. त्यानंतर ना फोन ना मेल. मग एके दिवशी ठाण्याला दहा नंबरवर त्यांच्या वेटिंगमध्ये भेटलेली बाई दिसली, तिला विचारलं तुझं काय झालं, तर तिचंही काही झालं नव्हतं. तिला एप्रिल दिला होता.

आम्ही दोघी एवढ्या हसलो की गाडी गेली. नंतर नाही हसू आलं.

वेल्डरच्या टेस्टची प्लेट नंतर भंगारात जाते हो. कुठल्या गिऱ्हाइकाच्या टाकीला ती लावत नाहीत. टेस्ट आणि फुकटचं काम यात एवढाच फरक आहे आणि तो तुम्हाला चांगला कळतो, न कळायला काय झालं.

अजून एक विषय, जो वेटिंग रूममध्ये कोणी काढत नाही. "फॅमिली बॅकग्राउंड काय?" हा प्रश्न मला अकरापैकी सहा ठिकाणी आला. त्याचा खरा अर्थ आपल्या सगळ्यांना माहितीये, आडनाव ऐकून समाधान झालं नाही की हा प्रश्न येतो. यूजीसीचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात, आपले अमरावतीकडचे, त्यांनी आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी एक प्रयोग केला होता, २००७ मध्ये छापून आला. पेपरमधल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले, शिक्षण वगैरे सारखंच, फरक फक्त नावात. सवर्ण हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला पुढे बोलावणं यायची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुसलमान नावाला एक तृतीयांश. हे अर्ज वाचणारी माणसं काही राक्षस नसणार, माझ्यासारखीच असणार, यात्रेच्या गप्पा मारणारी. मी त्या सांगलीच्या पोराला घेताना जात बघितली नव्हती असं मी स्वतःला सांगत आले, पण आपल्यातला वाटला म्हणून घेतलं होतं, आणि हा आपल्यातला नेमका कोण असतो हे मी कधी तपासलं नाही. खाली वेल्डिंगच्या जागेवर तो प्रश्नच यायचा नाही. पट्टी वाकवा, बघा, संपलं.

मधेच एक, पगाराचं. माझ्या भाच्याला महाप्यात ३ लाख ६० हजारांची ऑफर आली, पेढे वाटले घरात. मी कागद मागितला, सवयच ना. महिन्याचे ३०,०००, त्यातले ३,००० "व्हेरिएबल", म्हणजे कंपनीच्या मनात आलं तर. कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० त्यातच धरलेला. बेसिक १५,००० वर ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ७२१, ती पण त्यातच, आणि मिळणार कधी तर टिकलास तर. मग त्याचा स्वतःचा पीएफ १,८००, प्रोफेशन टॅक्स २००. हातात येणार २२,४७९. पोरगा माझ्याकडे असा बघत होता जसं काय मीच कापले. हे आकडे तुमच्या एक्सेलमध्ये पहिल्या दिवसापासून असतात, जाहिरातीत टाकायला काय होतं? उलट आमच्याकडून मागच्या नोकरीच्या तीन सॅलरी स्लिपा मागता. माझी शेवटची स्लिप तीन वर्षं जुनी आहे, त्यावर टक्केवारी लावून माझी आजची किंमत काढणार म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या भावाने आज डाळ द्या म्हणण्यासारखं आहे.

असो. मी तक्रार करून थांबणार नाही, मला जे पाहिजे ते सांगते.

अकाउंट्सचा माणूस घ्यायचाय? तुमच्या ऑफिसात, तुमच्या समोर, अर्धा तास. खोटी वीस बिलं करून ठेवा, एकदाच करायची आहेत, मग वर्षभर चालतात. एकात जीएसटी नंबरच्या १५ अक्षरांतलं एक चुकवा. एक बिल दोनदा टाका, पण एकदा नुसतं १२३ आणि एकदा १२३ च्या पुढे तिरकी रेघ मारून वर्ष. एक सप्लायर गुजरातचा करा, २४ ने सुरू होणारा नंबर, माल तुमच्या महाराष्ट्रातल्या गोडाऊनला, आणि तरी बिलात परराज्यातल्या मालाच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला. एक बिल टू-बी मध्ये ठेवूच नका. आणि म्हणा, ताई, काय काय चुकलंय शोधा. ज्याने हे काम केलंय त्याचे डोळे आपोआप त्या २४ वर जाऊन थांबतात. ज्याने नुसतं बायोडाट्यात लिहिलंय तो वीस मिनिटं एक्सेलचे कॉलम रुंद करत बसेल. डिस्पॅचवाल्याला चलन द्या. कस्टमर केअरच्या पोरीला एक भडकलेल्या गिऱ्हाइकाचा फोन द्या, तुम्हीच शेजारच्या केबिनमधून भडका. सगळ्यांना तेच द्या आणि मार्क कागदावर लिहा, डोक्यात नको, डोक्यातले मार्क यात्रेच्या गप्पांनी वाढतात.

पण यातून स्वभाव कसा कळणार, असं माझ्या एका जुन्या ओळखीच्या एचआरने विचारलं. कळतो की. काका प्लेटच्या टेस्टला ते पण बघायचे, पोरगा न सांगता गॉगल लावतो का, झाल्यावर केबल गुंडाळून ठेवतो का, फेल म्हटल्यावर हुज्जत घालतो की पट्टी हातात घेऊन बघतो. गप्पांत सगळेच शहाणे असतात, टीम प्लेअर आणि क्विक लर्नर.

आणि वेळ नाही हे तर मला सांगूच नका. घणसोलीत चार राउंड घ्यायला वेळ होता.

पुढच्या मंगळवारी महाप्याला माझा बारावा इंटरव्ह्यू आहे. काल त्यांच्या एचआरमधून फोन आला, बारीक आवाजाची पोरगी, नवीनच असावी. वेळ, पत्ता, ओरिजिनल आणा, सगळं सांगून झालं. मी म्हटलं, बाळा, एक विचारू का, तुमच्याकडे काम करून दाखवायची काही टेस्ट असते का? ती गप्प. मग म्हणाली, "नाही मॅम, सर फक्त बोलतात." मी म्हटलं सरांना विचारशील का, मला द्यायची आहे, अर्धाच तास. परत गप्प. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "मॅम, मला पण नव्हती घेतली कोणी. विचारून सांगते."

अजून फोन आलेला नाही. मी मात्र वीस बिलं तयार करून पेनड्राइव्हवर ठेवलीत, सरांकडे नसतील तर माझी घ्या म्हणणार आहे. उत्तरं वेगळ्या कागदावर पाकिटात आहेत, पाकीट चिकटवलेलं आहे. नाही आवडली माझी बिलं तर त्यांनी स्वतःची काढावीत, मी थांबायला तयार आहे, परतीच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात.

तुमची,
कळव्याची एक उमेदवार